एक्सएमपी चालू केल्यापासून ग्राफिक्स ड्रायव्हर कोसळतोय? आधी रॅम तपासा, ड्रायव्हर नंतर

लक्षणं अशी असतात. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू असताना स्क्रीन अचानक काळी होते, आवाज अडखळतो, दोन-तीन सेकंदांत चित्र परत येतं, पण गेम मात्र बंद पडलेला असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘डिस्प्ले’ या नावाने ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते: ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे. कधीकधी तो सावरतही नाही. मग निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर व्हिडिओ टीडीआर फेल्युअर, म्हणजे ०एक्स११६. ड्रायव्हर काढून नवा टाकला की काही दिवस सगळं सुरळीत चालतं आणि मग पुन्हा तेच. जुनी आवृत्ती टाकून झाली, नवी टाकून झाली, विंडोजही नव्याने टाकून झाली, तरी दुखणं जात नाही.

या टप्प्यावर बहुतेक जण कार्ड बदलायची भाषा सुरू करतात. त्याआधी बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एकच गोष्ट पाहा: एक्सएमपी, एक्स्पो किंवा डीओसीपी यांपैकी काही, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवणारं तयार प्रोफाइल, चालू आहे का? असेल तर संशयाची सुई आधी रॅमकडे वळायला हवी. ‘मी ओव्हरक्लॉकिंग केलेलंच नाही’ हे उत्तर मला सारखं ऐकू येतं, पण ते प्रोफाइल चालू करणं हेच ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, असतं. खोक्यावर ६००० असा वेग छापलेला असला तरी तो आकडा रॅम बनवणाऱ्याने त्या काड्यांसाठी दिलेला आहे. तुमचा प्रोसेसर आणि तुमचा मदरबोर्ड यांनी तसं वचन दिलेलं नसतं.

उदाहरण घ्या. रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी एएमडीने अधिकृतपणे सांगितलेला वेग डीडीआर५ च्या दोन काड्यांवर ५२०० आणि चार काड्यांवर फक्त ३६०० आहे. इंटेलच्या बाराव्या पिढीला डीडीआर५ वर ४८०० आणि डीडीआर४ वर ३२००. जेडेकच्या (मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मानकानुसार डीडीआर४ ला १.२ व्होल्ट आणि डीडीआर५ ला १.१ व्होल्ट लागतात. वेगवान प्रोफाइल हाच आकडा सहसा १.३५ किंवा त्याच्याही वर नेतात. बऱ्याच मशीनवर हे बिनबोभाट चालतं. तुमच्या मशीनवर चालेलच असं मात्र नाही, आणि काल चालत होतं म्हणून आज चालेल असंही नाही.

रॅमच्या चुकीची शिक्षा ड्रायव्हरला का?

विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये टीडीआर नावाची एक व्यवस्था आहे. ग्राफिक्स कार्डाला दिलेलं काम ठरावीक वेळेत (मूळ सेटिंगनुसार २ सेकंद) पुढे सरकलं नाही, तर विंडोज कार्ड अडकलं असं समजून ड्रायव्हर रीसेट करते. तुम्हाला दिसणारी काळी स्क्रीन तीच. एका मिनिटात असं पाचपेक्षा जास्त वेळा झालं तर विंडोज सावरण्याचा नाद सोडते आणि निळी स्क्रीन दाखवते.

आता कार्ड अडकतं कशामुळे? कार्डाकडे स्वतःची मेमरी असली तरी त्याला मिळणारे हुकूम मुख्य रॅममध्ये तयार होतात. ड्रायव्हरचा मोठा भाग प्रोसेसरवर चालतो, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तिथेच कंपाइल होतात, कोणती माहिती कुठल्या पत्त्यावर आहे याचे तक्ते तिथेच लिहिले जातात, आणि मग कार्ड ते रॅममधून थेट उचलून घेतं. त्या तक्त्यातल्या एका पत्त्याचा एक बिट ० चा १ झाला की कार्ड भलत्याच ठिकाणी जाऊन वाचायला लागतं. ते अडकतं, दोन सेकंद जातात, विंडोज ड्रायव्हरला रीसेट करते आणि नोंदीत नाव येतं ड्रायव्हरचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. नोंद खोटी नसते, पण कोण पडलं एवढंच ती सांगते. कोणी पाडलं ते तिला ठाऊक नसतं.

ग्राफिक्स ड्रायव्हरच सगळ्यात आधी का पडतो, याचंही कारण साधं आहे. गेम चालू असताना रॅममध्ये इतकी सततची आणि इतकी नाजूक ये-जा दुसरं कोणी क्वचितच करतं. एखाद्या फोटोतला एक बिट बदलला तर एका ठिपक्याचा रंग किंचित सरकतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ड्रायव्हरच्या पॉइंटरमधला (मेमरीतल्या पत्त्यामधला) एक बिट बदलला तर सगळा डोलारा खाली येतो.

आणि पुन्हा पुन्हा का?

नवा ड्रायव्हर टाकल्यावर काही दिवस बरं वाटतं, आणि त्यामुळेच लोक फसतात. अस्थिर रॅम दर मिनिटाला चुका करत नाही. ती तासन्‌तास नीट वागते आणि मग एखाद्या क्षणी चुकते. त्यामुळे कोणताही उपाय केल्यावर थोडे दिवस गुण आल्यासारखा वाटतोच.

दुसरं कारण जास्त त्रासाचं आहे. ड्रायव्हरची फाईल डाउनलोड होते, उलगडली जाते आणि डिस्कवर लिहिली जाते, हे सगळं त्याच रॅममधून. तिथे चूक झाली की बिघडलेली फाईल डिस्कवर जाऊन बसते. शेडर कॅशचंही (कंपाइल केलेले शेडर जिथे साठवून ठेवतात त्याचंही) तसंच. पुढे तुम्ही रॅम ताळ्यावर आणली तरी बिघडलेली फाईल तिथेच राहते, आणि मग ‘एक्सएमपी बंद करूनही फरक पडला नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून इथे क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी रॅम स्थिर करायची, ती स्थिर आहे हे तपासून खात्री करायची, आणि त्यानंतरच ड्रायव्हर नव्याने टाकायचा. उलट क्रमाने केलेली मेहनत पाण्यात जाते.

खरंच रॅम आहे का, हे ओळखायचं कसं

मी आधी मिनीडंप पाहतो. विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचं फोल्डर असतं; निळी स्क्रीन आल्यावर तिथे फाईल तयार होते. ब्लूस्क्रीनव्ह्यू या छोट्या प्रोग्रॅममध्ये त्या सगळ्या एका यादीत दिसतात. एकच कोड आणि एकच फाईल सतत येत असेल, उदाहरणार्थ दर वेळी ०एक्स११६ आणि दर वेळी एनव्हीएलडीडीएमकेएम किंवा एएमडीकेएमडॅग (अनुक्रमे एनव्हिडिया आणि एएमडीच्या ड्रायव्हरच्या फाइली), तर कार्ड, त्याचा वीजपुरवठा किंवा खरोखरच ड्रायव्हर यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे. यादी मात्र अशी असेल तर बघा: सोमवारी ०एक्स११६ ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नावाने, बुधवारी मेमरी मॅनेजमेंट म्हणजे ०एक्स१ए, गुरुवारी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल नेटवर्क ड्रायव्हरच्या नावाने, रविवारी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया आणि आरोपी एनटीएफएस, म्हणजे डिस्कवरच्या फाइली सांभाळणारा ड्रायव्हर. ग्राफिक्स, नेटवर्क आणि डिस्क या तिन्हींचे ड्रायव्हर एकाच आठवड्यात स्वतंत्रपणे बिघडले यावर विश्वास ठेवणं अवघड आहे. या सगळ्यांच्या खाली एकच गोष्ट समान आहे, ती म्हणजे रॅम.

विनडीबीजी हा मायक्रोसॉफ्टचा डीबगर वापरता येत असेल तर आणखी स्पष्ट पुरावा मिळू शकतो. डंप उघडून विश्लेषणाचा हुकूम दिला की शेवटी दोषी मॉड्यूलचं नाव येतं. तिथे एखाद्या ड्रायव्हरऐवजी ‘मेमरी करप्शन’ आणि बकेटमध्ये ‘मेमरी करप्शन वन बिट’ दिसलं, तर विनडीबीजीने रॅममधला कोड मूळ फाईलशी ताडून पाहिला आणि त्यात एका बिटाचा फरक सापडला असा अर्थ होतो. हे दिसल्यावर ड्रायव्हरच्या आवृत्त्या अदलाबदल करत बसण्यात अर्थ नाही. (उलट हे दिसलं नाही म्हणजे रॅम निर्दोष, असं मात्र नाही. छोट्या डंपमध्ये सगळी मेमरी येत नाही.)

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगर नावाच्या नोंदीही शोधा. १९ क्रमांक म्हणजे चूक झाली पण हार्डवेअरने दुरुस्त केली. १८ म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडची. रायझनवर १९ च्या नोंदी ‘बस/इंटरकनेक्ट’ या प्रकारच्या असतील तर इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे आतले भाग एकमेकांना जोडणारा मार्ग) जास्त ताणलं गेलंय अशी दाट शक्यता असते. ग्राफिक्स कार्डाची माहितीही त्याच फॅब्रिकवरून प्रोसेसरपर्यंत पोचते, म्हणून त्याचा फटका ड्रायव्हरला बसतो.

कुठलंही नवं सॉफ्टवेअर न टाकता करता येण्यासारखी एक चाचणी मला फार आवडते. एखादी खूप मोठी फाईल निवडा, शक्यतो तुमच्या रॅमपेक्षा मोठी. गेमच्या डेटाच्या फाइली कामाला येतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिलने तिचा एसएचए२५६ हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) काढा. तोच हुकूम पुन्हा द्या, पुन्हा द्या. फाईलला कोणी हात लावलेला नसताना उत्तर वेगळं आलं, तर प्रकरण तिथेच संपलं: रॅम, रॅमचा कंट्रोलर किंवा डिस्क यांतलं काहीतरी माहिती बदलतंय, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचा त्यात काडीचा संबंध नाही. उत्तर दर वेळी सारखं आलं तर काहीच सिद्ध होत नाही, एवढं फक्त ध्यानात असू द्या. ड्रायव्हरचा इन्स्टॉलर उलगडताना मध्येच फाईल खराब असल्याचं सांगत असेल आणि तोच इन्स्टॉलर दुसऱ्या खेपेला मुकाट चालत असेल, तर तोही याच जातीचा पुरावा समजा.

कामाला लागताना

महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि ती एक्सएमपी बंद केल्यावर काढा. अस्थिर रॅममधून घेतलेला बॅकअप म्हणजे बिघडलेल्या फाइलींचाही बॅकअप.

मग बायॉसमध्ये जाऊन सगळं मूळ सेटिंगवर आणा. फक्त एक्सएमपी नाही, सगळं: प्रोसेसरचं अंडरव्होल्टिंग (व्होल्टेज मुद्दाम कमी करणं), त्यासाठीचा रायझनवरचा कर्व्ह ऑप्टिमायझर, फॅब्रिकचा हाताने ठरवलेला वेग. विंडोजमध्ये आफ्टरबर्नरसारखं कार्डाचा वेग बदलणारं काही असेल आणि ते सुरू होतानाच कार्डाचं प्रोफाइल लावत असेल, तर तेही बंद. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम चांगला आहे, पण तो परत वर चढताना पाळायचा. खाली उतरताना सगळं एकदम उतरवा, म्हणजे पाया तरी पक्का आहे का ते कळेल. बायॉस अपडेट करायचा असेल तर तोही याच अवस्थेत करा. डळमळीत रॅमवर बायॉस लिहायला जाणं म्हणजे विषाची परीक्षा.

इथे विंडोजची एक खोड लक्षात घ्या. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर कर्नल पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत रॅममध्ये आणली जाते. त्यात बिघाड शिरलेला असेल तर तोही जसाच्या तसा परत येतो. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर नव्याने सुरू करतं. तपास चालू असेपर्यंत फास्ट स्टार्टअप बंदच ठेवलेलं बरं. डीडीआर५ च्या एएमडी मदरबोर्डवर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर नावाचा पर्यायही असतो. त्याने मशीन लवकर सुरू होतं, कारण मेमरी ट्रेनिंगची (सुरू होताना रॅमशी जुळवून घेण्याच्या प्रक्रियेची) जुनी मूल्यं पुन्हा वापरली जातात. तपासादरम्यान तोही बंद करा, म्हणजे दर वेळी ट्रेनिंग नव्याने होईल. पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन बराच वेळ काळी राहील. घाबरून बटण दाबू नका.

आता रॅमची चाचणी. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक चालवून ‘चूक सापडली नाही’ असं उत्तर आलं म्हणून निर्धास्त होणारे बरेच जण आहेत. उघडउघड मेलेली काडी ते पकडतं; टोकाच्या वेगावर डळमळणारी काडी त्याच्या हाती क्वचितच लागते. यूएसबीवरून सुरू होणारं मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस हे पहिलं पाऊल म्हणून उत्तम. विंडोजच्या बाहेर चालत असल्यामुळे चाचणीच्या वेळी विंडोजच्या फाइली बिघडण्याची भीतीही नसते. रात्रभर चालू द्या. नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५, कारहू रॅम टेस्ट किंवा वाय-क्रंचर यांपैकी काहीतरी काही तास चालवा; वेगामुळे होणाऱ्या चुका हे जास्त लवकर उघड्या पाडतात.

चाचणीत एक चूक आली तरी नापास. ‘आठ तासांत एकच तर आली’ असा हिशेब इथे चालत नाही, कारण ती एक चूक नेमकी कुठे पडेल हे आपल्या हातात नाही.

चाचणीत पास, गेममध्ये नापास

हा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्याच्यावर जरा सविस्तर लिहितो. मेमटेस्ट रात्रभर चालली, एकही चूक नाही. सकाळी गेम लावला आणि अर्ध्या तासात ड्रायव्हर कोसळला. माणूस म्हणतो, बघा, रॅम ठीक आहे, कार्डच खराब आहे.

पण मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड जवळपास झोपलेलं असतं. गेम चालू झाला की तेच कार्ड दोन-तीनशे वॉट उष्णता केसमध्ये सोडतं, आणि बऱ्याच कार्डांच्या पंख्यांची गरम हवा थेट रॅमच्या काड्यांवर येते. मेमरीच्या प्रत्येक पेशीत माहिती विजेच्या इवल्याशा भाराच्या रूपात असते आणि तो भार सतत गळत असतो, म्हणून तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते. ४५ अंशांवर निर्धोक चालणारी टायमिंग (रॅमच्या कामांच्या वेळा) ६० अंशांवर चुका करू शकते, विशेषतः भार पुन्हा भरण्याच्या वेळा ठरवणारे ट्रेफी आणि टीआरएफसी हाताने ताणलेले असतील तर. वेगवान प्रोफाइलमध्ये व्होल्टेजही वाढवलेलं असतं, त्यामुळे काडी स्वतःही जास्त तापते.

तपासायचं कसं? डीडीआर५ च्या काडीवर तापमानाचा सेन्सर असतो आणि एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम तो वाचतो. डीडीआर४ च्या सगळ्याच काड्यांवर तो नसतो. गेम खेळताना हा आकडा नोंदवून ठेवा. मग विंडोजमधली रॅमची चाचणी लावा आणि तिच्या जोडीला कार्डावर ताण देणारं काहीतरी खिडकीत चालू ठेवा. ओसीसीटी या ताण-चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये हे दोन्ही ताण मिळतात. केसच्या बाजूचं झाकण काढून आणि समोर साधा पंखा लावून तोच गेम खेळून पाहा. झाकण काढल्यावर कोसळणं थांबलं, तर चुकांचं मूळ उष्णतेत आहे हे जवळपास नक्की. मग केसचे पंखे नीट लावणं, रॅमचं व्होल्टेज थोडं उतरवणं किंवा ट्रेफी मूळ मूल्यावर आणणं, यांतलं काहीतरी करावं लागेल.

‘डीडीआर५ मध्ये तर ईसीसी (मेमरीतल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी सोय) असतो, मग चुका होतातच कशा?’ असंही विचारलं जातं. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत एक दुरुस्तीची सोय असते हे खरं, पण ती चिपच्या आतल्या पेशींपुरती. काडी ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही, आणि वेग वाढवल्यावर चुका बहुधा त्याच वाटेवर होतात. सर्व्हरमधला पूर्ण ईसीसी वेगळा.

मूळ सेटिंगवर स्थिर, प्रोफाइलवर अस्थिर: आता काय?

सगळ्यात सोपा आणि माझ्या मते बहुतेकांसाठी योग्य उपाय म्हणजे प्रोफाइल चालू ठेवून वेग एक-दोन पायऱ्या खाली आणणं. ६४०० चं ६००० करा, ६००० चं ५६००. डीडीआर४ वर ३६०० चं ३४०० किंवा ३२००. टायमिंग आणि व्होल्टेज तेच राहू द्या. गेममध्ये हा फरक बहुतेकांना जाणवतही नाही, ड्रायव्हर कोसळलेला मात्र सगळ्यांना जाणवतो.

रायझन ५००० वर ३६०० हा वेग म्हणजे फॅब्रिक १८०० मेगाहर्ट्झवर. त्याच्यापुढे फॅब्रिक आणि रॅम यांच्या गतीचं एकास एक प्रमाण राखणं प्रत्येक चिपला जमत नाही. इंटेलच्या डीडीआर४ मशीनवर गिअर १ मध्ये मेमरी कंट्रोलर रॅमइतक्याच गतीने पळतो, गिअर २ मध्ये निम्म्या. तिथे अडचण येत असेल तर गिअर २ करून पाहा, किंवा गिअर १ ठेवून वेग उतरवा. टास्क मॅनेजरमध्ये ३६०० आणि सीपीयू-झेडमध्ये १८०० दिसलं तर गोंधळू नका. रॅम एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून दोन्ही आकडे बरोबर आहेत.

वेग उतरवायचाच नसेल तर व्होल्टेजशी खेळावं लागतं, आणि तिथे जपून. एएम५ वर (रायझन ७००० च्या सॉकेटवर) एसओसी व्होल्टेज, म्हणजे मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं व्होल्टेज, १.३ च्या वर नेऊ नका. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्याच्या प्रकरणानंतर एएमडीनेच बायॉसमधून ही मर्यादा घातली. एक उलटी गोष्टही होते: काही मदरबोर्ड ‘ऑटो’वर हे व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त देतात आणि ते थोडं उतरवल्यावर मशीन जास्त स्थिर होतं. त्यामुळे ‘अस्थिर आहे, वाढवा व्होल्टेज’ हा एककलमी कार्यक्रम राबवू नका.

चार काड्या असतील तर आधी दोन काढा. दोन काड्यांचा एक संच होता, पुढे तसाच दुसरा संच आणून लावला आणि तेव्हापासून ड्रायव्हर पडायला लागला, ही गोष्ट मी इतक्यांदा वाचली आहे की माझा पहिला प्रश्न तोच असतो. मॉडेल क्रमांक तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, आणि चार काड्यांचा भार कंट्रोलरवर पडतो तो वेगळाच. दोनच ठेवायच्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत; बहुतेक मदरबोर्डवर ए२ आणि बी२ म्हणतात त्या याच. एकेक काडी वेगळी तपासली तर पास आणि दोन्ही एकत्र नापास, असं झालं तर काड्यांपेक्षा कंट्रोलर किंवा मदरबोर्डच्या मर्यादेकडे बोट जातं.

आता ड्रायव्हर

रॅम चाचणीत पास झाली, पुरेशा उष्णतेतही पास झाली, त्यानंतर. ड्रायव्हरचा इन्स्टॉलर पुन्हा डाउनलोड करा. आधी उतरवून ठेवलेला वापरू नका, तो खराब रॅममधून आलेला असू शकतो. सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून जुना ड्रायव्हर मुळासकट काढा. त्या वेळी इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट स्वतःच कुठली तरी आवृत्ती आणून बसवतं. शेडर कॅश पुसा. मग प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिझ्म आणि नंतर एसएफसी चालवून विंडोजच्या फाइली तपासून घ्या. एसएफसीला दुरुस्त न होणाऱ्या फाइली वारंवार सापडत असतील, तर विंडोज नव्याने टाकणंच कमी डोकेदुखीचं. गेमच्या फाइलीही लाँचरमधून पडताळून घ्या. त्यातलीही एखादी बिघडलेली निघते.

नेटवर एक उपाय सर्रास सांगितला जातो: रजिस्ट्रीत टीडीआर डिले २ वरून ८ किंवा १० करा. माझा याला विरोध आहे. त्या नोंदी ड्रायव्हर बनवणाऱ्यांच्या चाचणीसाठी आहेत असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. कार्ड खरोखरच एखादं लांबलचक काम करत असेल, जसं की जड रेंडरिंग, तर त्याचा उपयोग होतो. पण चुकीच्या पत्त्यावर जाऊन अडकलेलं कार्ड दहा सेकंदांनीही अडकलेलंच असतं. काळी स्क्रीन तेवढी लांबते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं ओव्हरक्लॉकिंग

हेही मेमरीचंच प्रकरण, पण वागणूक वेगळी. कार्डाची व्हीरॅम जास्त ताणली की बहुधा आधी पडद्यावर ठिपके, चौकोन, विचित्र रंगांचे त्रिकोण दिसतात आणि मग ड्रायव्हर पडतो. जीडीडीआर६एक्स असलेल्या कार्डांवर मात्र ठिपके दिसतीलच असं नाही. तिथे चुकलेली माहिती ओळखून पुन्हा पाठवायची सोय आहे, त्यामुळे मर्यादा ओलांडल्यावर आधी वेग घटतो. मेमरीचा वेग वाढवूनही बेंचमार्कचा आकडा खाली येत असेल तर तुम्ही मर्यादेच्या पलीकडे आहात. ओसीसीटीत व्हीरॅमची वेगळी चाचणी आहे. सगळं मूळ सेटिंगवर असतानाही तिच्यात चुका येत असतील, तर कार्ड दुरुस्तीला किंवा वॉरंटीत द्यायची वेळ आली.

रॅमसारखंच दिसणारं, पण रॅम नसलेलं

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असं सांगून बंद पडत असेल, तर व्हिडिओ मेमरी खरोखर संपलेली नसण्याची शक्यता मोठी आहे. या प्रोसेसरमध्ये व्होल्टेजशी निगडित अस्थिरता असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोडच्या (बायॉसमधून येणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या (०एक्स१२बी ही त्यांतली एक) आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. शेडर कंपाइल करताना प्रोसेसर चुकतो आणि आळ कार्डावर येतो. बायॉस अद्ययावत करा. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र मायक्रोकोडने बरा होत नाही, तो बदलून घ्यावा लागतो.

कार्डाची वीजतार नीट न बसणं, वीजपुरवठा कमी पडणं, पीसीआय रायझर केबल खराब असणं यांनीही ४१०१ येतो. पण तेव्हा हॅश बदलत नाही, मेमटेस्ट नापास होत नाही आणि मिनीडंपच्या यादीत नेटवर्क आणि एनटीएफएसची नावं येत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळं चिन्ह आणि कोड ४३ कायम दिसत असेल, आणि मूळ सेटिंगवर स्वच्छ ड्रायव्हर टाकूनही तो हटत नसेल, तर ते कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघणं हाच पुढचा मार्ग.

लिनक्सवर असाल तर हेच सगळं कर्नल लॉगमध्ये दिसतं: एनव्हिडियाच्या कार्डावर एक्सआयडी क्रमांकांच्या ओळी, एएमडीवर रिंग टाइमआउट. तपासाची दिशा तीच, फक्त ड्रायव्हर काढण्या-टाकण्याचा भाग वेगळा.

राहता राहिली एक शक्यता: एक्सएमपी बंद, सगळं मूळ सेटिंगवर, आणि तरीही मेमटेस्टमध्ये चुका. मग हा ओव्हरक्लॉकिंगचा प्रश्नच नाही, काडी खराब आहे. एकेक काडी त्याच एका खाचेत लावून तपासा म्हणजे दोषी कोणती ते कळेल. चूक खाचेबरोबर फिरते की काडीबरोबर, हेही पाहून घ्या. संच म्हणून घेतलेल्या काड्या वॉरंटीत संच म्हणूनच पाठवाव्यात. एकच काडी बदलून आली तर ती जुन्या जोडीदाराशी जुळेल याची खात्री नसते आणि पुन्हा पहिल्यापासून हीच सगळी तपासणी करावी लागते.